नायटा, खरूज, चिखल्या, गाजर गवत: तुमच्या भागात कातडीचे कोणते आजार दिसतात?

निरगुडी

नमस्कार मंडळी.

इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'जांघेतला नायटा जात नाही, कुठली ट्यूब लावू?' खाली पटापट ट्यूबांची नावं आली. त्यातल्या बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड आहे. तिथे उत्तर दिलं, पण विषय एका उत्तरात मावणारा नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पुण्यात शिकले, काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काम केलं, आता बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. दोन्हीकडचे रुग्ण बघितल्यावर एक गोष्ट फार जाणवते. कातडीचा आजार नुसता जंतूंवर ठरत नाही. माणूस काय काम करतो, किती पाणी मिळतं, किती जण एका खोलीत झोपतात, अंगात कपडे कुठले, आणि हल्ली तर त्याने आधी काय चोपडलंय, यावर ठरतो.

कोकणात लावणी सुरू झाली की चिखल्या. दिवसदिवस पाय चिखलात, बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजून फाटते आणि त्यात बुरशी आणि जंतू दोन्ही शिरतात. कोळंबी सोलणाऱ्या बायकांची नखुरडी: नखाच्या कडेला सूज, दाबलं की पू, नख हळूहळू वेडंवाकडं. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्यांचे हात काळे पडलेले आणि सालपटं निघालेले, कारण काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं.

बीडला यातलं फारसं काही दिसत नाही. इथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, ती खरूज घेऊन. कोपीत, म्हणजे उसतोडीच्या जागी बांधलेल्या झोपडीत, एका गोधडीत चार-पाच जणं झोपणार, आंघोळीला पाणी जेमतेम, औषध मिळालं तर ज्याला जास्त खाज त्याला एकट्याला. शिवाय उसाच्या पानांची कूस मानेत आणि हातांवर रुतते, खाजवून जखमा होतात, जखमा चिघळतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तसल्या उन्हाळ्यात गळवं आणि खरूज वाढली तर नवल नाही.

बाकी वर्षाचं चक्र सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच. पावसाळ्यात बुरशी, ऑक्टोबरच्या उकाड्यात घामोळं, थंडीत खरूज, इसब आणि सोरायसिसचा जोर, उन्हाळ्यात मुलांना केसतुडं. आंब्याच्या दिवसांत केसतुडं येतात म्हणून आंब्यावर खापर फुटतं, पण त्यामागे असतात घाम, धूळ आणि स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू.

आता मूळ मुद्दा. नायटा पूर्वी पावसाळ्यात यायचा आणि दोन-चार आठवड्यांच्या मलमाने जायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने रूप पालटलंय. आता बाराही महिने दिसतो, अख्ख्या घराला होतो, चेहऱ्यावर, कमरेवर, लहान बाळाच्या अंगावरसुद्धा. रुग्ण येतो तो खिशात पिळून सपाट झालेली ट्यूब घेऊनच. 'मॅडम, ही लावली की दोन दिवसांत खाज बंद होते, सोडली की दुप्पट येते.' या ट्यूबेत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने सूज आणि खाज थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी आतल्या आत पसरत राहते. साधा नायटा म्हणजे एक गोल कडं, मध्ये कातडी स्वच्छ. स्टेरॉइड लावलेल्या नायट्यात कड्यात कडं आणि त्यात आणखी एक कडं दिसतं, नाहीतर कड पुसट होऊन नुसता लालसर डाग उरतो. मग नवशिका डॉक्टर त्याला इसब समजतो आणि आणखी स्टेरॉइड लिहून देतो.

एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर बोटभर रुंद जांभळे पट्टे बघते मी. कातडी आतून फाटलेली असते. नायटा बरा होतो, हे पट्टे मात्र जन्मभर राहतात.

तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा. काम, पाणी, घर, हंगाम यांच्याशी त्याचा काय संबंध वाटतो तेही लिहा. ट्यूबांची नावं मात्र कृपा करून सुचवू नका.

---

शिवार

फार गरजेचा धागा. आमच्याकडे (अमरावती जिल्हा) गाजर गवत. वडिलांना साठीच्या आसपास सुरू झालं. आधी फक्त पापण्या आणि मान. मग कोपराची आतली बाजू, मग सगळा चेहरा जाड आणि काळपट. शेतातून आले की रात्रभर खाज. गंमत... नाही, दुःखाची गोष्ट अशी की आयुष्यभर ते हेच गवत हाताने उपटत होते, तेव्हा काही झालं नाही. बहिणीकडे मुंबईला महिनाभर राहिले की निम्मं कमी. परत आले की पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच.

---

निरगुडी

@शिवार, काकांना पहिली तीस वर्षं काही झालं नाही यात आश्चर्य नाही. हा अ‍ॅलर्जीचा प्रकार आहे. शरीर आधी त्या पदार्थाला 'ओळखायला' लागतं, आणि एकदा ओळखलं की आयुष्यभर विसरत नाही. गाजर गवतातला पार्थेनिन हा पदार्थ त्याला कारणीभूत. वाळलेल्या झाडाचे बारीक कण हवेतून उडतात, म्हणून जिथे कपडा नसतो तिथे आणि जिथे धूळ साचते तिथे, म्हणजे पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराची खोबण, तिथेच आधी दिसतं.

हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५६ साली पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. त्याच्यामुळे होणाऱ्या कातडीच्या आजारावरचा सुरुवातीचा महत्त्वाचा अभ्यासही पुण्याच्याच डॉ. लोणकरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केला, १९७४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा आजार आपल्या राज्यात दोन पिढ्यांपूर्वी नव्हताच.

काकांसाठी: पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेला उपरणं, शेतातून आल्याबरोबर साबणाने आंघोळ, ते कपडे घरात झटकायचे नाहीत. गवत त्यांनी स्वतः उपटू नये, जाळू तर अजिबात नये. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली, त्यांचाही त्रास होऊ शकतो. आणि एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जुनाट झालं असेल तर नुसतं मलम पुरत नाही, पोटात घ्यायची औषधं लागतात आणि ती घेताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

---

शिवार

धन्यवाद डॉक्टर. शेवंतीचं माहीत नव्हतं, बांधावर आईने लावलीय. उद्याच काढतो. गवताबद्दल इतर शेतकऱ्यांसाठी: फुलावर यायच्या आधी काढा, एका झाडाला हजारो बिया धरतात. मेक्सिकन भुंगेरे सोडलेत आमच्याकडे, पावसाळ्यात पानं खातात, पण सगळं आटोक्यात येत नाही. पडीक जागी टाकळा वाढू दिला की तो गाजर गवताला दाबतो, हा आमचा अनुभव आहे आणि कृषी विद्यापीठवालेही तेच सांगतात.

---

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात मेडिकल चालवतो. दुकानदारांची बाजूही यायला हवी म्हणून लिहितो.

लोक दुकानात येऊन 'नायट्याचं द्या' असं म्हणत नाहीत. रिकामी ट्यूब किंवा मोबाइलमधला फोटो दाखवतात. शेजाऱ्याला लागू पडलेली असते. मी नाही म्हटलं तर दोन दुकानं सोडून मिळते. बरं, चिठ्ठी असेल तर तीवरही बऱ्याचदा हेच मलम असतं. आमच्या गावापासून त्वचेचे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहेत. गाडीभाडं, तपासणी फी आणि बुडालेला रोज मिळून जो खर्च होतो, त्याच्यापुढे ट्यूब फार स्वस्त पडते. माणूस खाजेने रात्री झोपलेला नसतो. त्याला चार आठवडे थांब सांगणं सोपं नाही.

---

निरगुडी

@कृष्णाकाठ, मनापासून आभार, कारण ही बाजू खरी आहे. २०१८ मध्ये लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम झाला. पण ज्या गावात चिठ्ठी देणारा जाणकार डॉक्टरच नाही तिथे नुसत्या नियमाने काय होणार? आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली, तिचा शहरात उपयोग झाला. खेड्यात तुमच्यासारखा दुकानदार हाच लोकांचा पहिला डॉक्टर असतो, म्हणून तुम्हालाच विनंती करते.

गिऱ्हाईक ऐकणारं असेल तर साधं, एकच औषध असलेलं बुरशीचं मलम द्या. क्लोट्रिमॅझोल असेल, ल्युलिकोनॅझोल असेल. डागावर आणि डागाच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. डाग जास्त असतील, चेहऱ्यावर असतील, लहान मूल असेल किंवा गरोदर बाई असेल, तर मलम न देता डॉक्टरांकडे पाठवा.

आणि सगळ्यांसाठी: ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल यांतलं काहीही दिसलं तर ती ट्यूब नायट्यावर लावायची नाही. चेहऱ्यावर तर मुळीच नाही.

---

कृष्णाकाठ

ही नावं मराठीत लिहून काउंटरवर लावतो.

---

सावली

चेहऱ्याबद्दल लिहिलंत म्हणून विचारते. आमच्या कॉलेजात मुली 'उजळपणासाठी' असल्याच ट्यूबा लावतात. मैत्रिणीचा चेहरा आता उन्हात गेलं की लालभडक होतो, गालांवर लव वाढलीय, आणि क्रीम सोडलं की आग आग होते म्हणून ती सोडतच नाही.

दुसरं माझं स्वतःचं. कपाळावर टिकली लावते तिथे बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग आलाय. घरात सगळे कोड म्हणून घाबरलेत. लग्नाचं बघतायत, त्यामुळे आई तर रोज रडते.

---

निरगुडी

@सावली, आधी तुझं. टिकली आजपासून बंद. टिकलीच्या मागच्या गोंदात काही वेळा एक रसायन असतं, ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर असेच डाग येतात, कारण त्याच जातीची रसायनं रबरातही वापरतात. लवकर थांबवलं तर बऱ्याच जणींचा रंग परत भरतो. डाग टिकलीच्या जागेबाहेर पसरतोय का, अंगावर दुसरीकडे कुठे आहे का, हे डॉक्टरांना बघू दे. कुंकू लावायचंच असेल तर तेही थोडे दिवस नको.

आईला सांग, की खरोखर कोड निघालं तरी ते संसर्गजन्य नाही. हात लावून, एका ताटात जेवून, लग्न करून कुणाला होत नाही. माझ्याकडे कोडाचे रुग्ण वेदनेची तक्रार घेऊन येत नाहीत, कारण त्यात दुखत काहीच नाही. ते येतात ते मोडलेल्या सोयरिकी घेऊन. मला या कामात सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

मैत्रिणीला एकदम क्रीम तोडायला सांगू नकोस, भयंकर आग होते आणि मुली घाबरून परत लावायला लागतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवतात. वेळ लागतो, पण सुटतं.

---

बेरीज

मी आकडेवारीच्या क्षेत्रात आहे, वैद्यकीय नाही. एक शंका. दवाखान्यातल्या नोंदींवरून 'आमच्या भागात अमुक आजार जास्त' असं म्हणता येईल का? दवाखान्यात जे येतात तेवढेच मोजले जातात ना?

---

निरगुडी

@बेरीज, शंका अगदी योग्य आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात माझ्याकडे नायट्याचे रुग्ण पुरुष जास्त दिसतात. पण नवऱ्याला औषध देताना 'घरात कुणाला आहे का' असं विचारलं की निम्म्या वेळा उत्तर येतं, 'हिलाही आहे, पण ती दाखवत नाही.' जांघेत, स्तनांखाली, साडीच्या निऱ्या खोचतात तिथे कमरेवर, बाई वर्षानुवर्षं सहन करते. परकराची नाडी घट्ट बांधली जाते, तिथे घाम मुरतो, काम करताना ओला परकर अंगावरच वाळतो. तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही तोवर नवऱ्याचा नायटा बरा होऊन परत येत राहतो. बायका दवाखान्यात येतात त्या चेहऱ्यावरच्या वांगासाठी किंवा मुलाला घेऊन.

मुलांमध्येही तसंच. गालावर फिकट, खरखरीत डाग दिसला की आई धावत येते, कारण गावात 'जंत झाले' किंवा 'कॅल्शियम कमी' असं सांगितलेलं असतं. तो कोरड्या कातडीचा निरुपद्रवी प्रकार असतो, साध्या तेलाने किंवा मॉइश्चरायझरने जातो. खरूज झालेलं मूल मात्र घरीच खाजवत बसतं, कारण घरातले सगळेच खाजवत असतात.

तेव्हा खरं चित्र घरोघरी जाऊन बघणाऱ्यांनाच दिसतं. इथे कुणी आशाताई किंवा आरोग्यसेविका असतील तर जरूर लिहा.

---

मोहफूल

मी आशा आहे, गडचिरोली जिल्ह्यात. घरातला मुलगा टाइप करून देतोय.

आम्ही कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत घरोघरी जातो. बाप्यांना बाप्या तपासतो, बायकांना मी. 'काही डाग आहे का' असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. म्हणून मी विचारते, 'अशी जागा आहे का अंगावर, जिथे चटका बसला तरी कळत नाही? जिथे घाम येत नाही?' मग एखादी म्हणते, चुलीपाशी बोट भाजलं तेव्हा कळलंच नाही. तिथून सापडतो. एका पोरीच्या पाठीवर फिक्का चट्टा होता, तिला स्वतःला दिसतच नव्हता. डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने हलकं टेकवलं. चट्ट्याबाहेर टेकवलं की बोट ठेवून दाखवायची, चट्ट्यावर टेकवलं की गप्प. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या सुरू झाल्या, फुकट. आता शाळेत जाते.

लोकांना सांगा की वेळेवर गोळ्या घेतल्या तर बोटं झडत नाहीत.

---

निरगुडी

@मोहफूल, ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवणार आहे. 'घाम येत नाही अशी जागा' हा प्रश्न पुस्तकात इतका सरळ कुठे लिहिलेला नाही.

इतरांसाठी थोडी भर. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर झालं. पुष्कळांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. तो संपलेला नाही. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर इथे आजही नवे रुग्ण सापडतात. ज्या विदर्भात मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, जिथे बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, तिथेच अजून हे काम आशाताईंच्या खांद्यावर आहे.

उपचार बहुविध औषधांचा, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. त्यातल्या एका औषधाने कातडी काळपट-तांबूस होते, त्याला घाबरून लोक गोळ्या सोडतात. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श नीट कळतो. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर.

---

बारव

माझं वय ऐंशीच्या पुढे आहे, मराठवाड्यातला. तुम्हा मंडळींनी न पाहिलेला एक रोग सांगतो. नारू.

आमच्या गावची पायऱ्यांची बारव होती. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहून घागर भरायच्या. उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढायचा. तो ओढायचा नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. हातभर, दोन हातभर लांब. तुटला की पाय सुजून भोपळा व्हायचा, माणूस पेरणीच्या वेळी खाटेवर. त्याच पायाने कुणी बारवेत उतरलं की पुढच्या वर्षाची सोय व्हायची. पुढे पायऱ्या बुजवल्या, हातपंप आले, पाणी दुहेरी फडक्याने गाळा असं सांगणारे लोक गावात फिरले. माझ्या नातवंडांना नारू हा शब्दही ठाऊक नाही.

---

निरगुडी

काका, नमस्कार. मी स्वतः नारूचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. विशेष म्हणजे त्यावर ना लस होती ना खात्रीचं औषध. पाण्याची सोय बदलली आणि रोग गेला. दुखणं कातडीवर दिसतं, पण त्याचा इलाज कातडीवर नसतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

---

शेगावकर

मग आमचंही घ्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस जायला लागले. डोक्याला खाज, मग केस हातात यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' नाव दिलं आणि पाहुण्यांनी गावात यायचं बंद केलं. कुणी पाण्यावर बोट ठेवलं, कुणी शांपूवर, कुणी बुरशीवर. पुढे काहींची नखंही गळाली.

---

निरगुडी

@शेगावकर, त्या बातम्यांनी तुम्हा लोकांना फार सोसावं लागलं. आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) पथकं येऊन नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढल्याचं आणि त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी असल्याचं मांडलं. सेलेनियम शरीराला सूक्ष्म प्रमाणात लागतं, जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात, त्यामुळे तुम्ही सांगता त्या क्रमाशी ते जुळतं. एका भागात, एकाच वेळी, सगळ्या वयांच्या लोकांना एकच लक्षण दिसलं की डोक्याला मलम लावत बसण्याआधी सगळ्यांनी मिळून काय खाल्लं, काय प्यायलं हे बघायचं.

---

श्वार्झवाल्ड

जर्मनीत राहतो. पुण्याहून आल्यावर कमरेवर गजकर्ण, म्हणजे नायटाच, उठलं. इथल्या डॉक्टरांनी टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या, काहीच फरक नाही. मग नमुना प्रयोगशाळेत गेला आणि रिपोर्टवर ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव आलं. डॉक्टर म्हणाले, ही भारतीय उपखंडातली बुरशी आहे. वाचून कसंतरीच झालं. आता इट्राकोनॅझोल चालू आहे, उतार आहे.

---

निरगुडी

@श्वार्झवाल्ड, कसंतरी वाटून घेऊ नका, तुमचा यात काही दोष नाही. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला हे नाव दिलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने) न्यूयॉर्कमधले दोन रुग्ण नोंदवले, त्यातल्या एकीने तर अलीकडे परदेश प्रवासच केला नव्हता. टर्बिनाफिन बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्या विकराची घडणच या बुरशीत बदललेली असते, म्हणून गोळी वाया जाते. इट्राकोनॅझोल जेवणासोबत घ्या, बंद कधी करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर त्यांना सांगा, कारण बऱ्याच औषधांशी त्याचं जमत नाही. टॉवेल वेगळा, जीन्स काही महिने बंद, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून वाळवायचे. घरातल्या सर्वांना तपासा.

---

आरोग्यवर्धिनी

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. नायट्यावर टाकळ्याचं बी वाटून लावायची पद्धत जुनी आहे, चिखल्यांना मेंदी लावतात, आणि त्याने काहींना बरं वाटतं हे मी पाहिलंय. पण एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. बिबा घरी वापरू नका. सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि तेलाचा तापलेला थेंब टाचेच्या भेगेवर किंवा कुरुपावर पाडतात. थेंब जरा जास्त पडला, हात तिथून चेहऱ्याला लागला, की बिबा उततो. फोड येतात, चेहरा सुजून डोळे मिटतात. लहान मुलांच्या पोटावर पोटदुखीसाठी बिब्याचे डाग देतात, तेही पाहिलंय. बिबा शोधन, म्हणजे शुद्धी, करूनच वापरायचं द्रव्य आहे. नागीण झाली की गेरू फासून घरी बसणाऱ्यांनाही सांगणं आहे, पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा.

---

निरगुडी

+१. बिबा आणि काजू एकाच कुळातले, म्हणून कोकणातले काजूने पोळलेले हात आणि इकडचे बिब्याने पोळलेले पाय सारखेच दिसतात. नागिणीबद्दलही पूर्ण सहमत. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

---

सातपुडा

मॅडम, मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. वसतिगृहात निम्म्याहून जास्त मुलांना खरूज आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती पुरळ, रात्री कुणी झोपत नाही. वर्गात मुलं पेंगतात. ज्यांना जास्त त्यांना आम्ही मलम लावतो, पंधरा दिवसांत परत तेच. काय करावं?

---

निरगुडी

सर, ज्यांना जास्त त्यांनाच लावलंत तर ती कधीच जाणार नाही. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो, आणि नव्याने लागण झालेल्याला महिनाभर खाजच येत नाही. ज्या मुलाला आज काही नाही त्याच्या अंगावर तो असू शकतो. म्हणून सगळ्यांना एकाच रात्री. खाज असो नसो.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुलांच्या यादीसह पत्र द्या. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मागा. संध्याकाळी आंघोळ, अंग कोरडं, मग मानेपासून तळपायापर्यंत एक इंचही न सोडता लावायचं. नखांखाली, बेंबीत, जांघेत, पार्श्वभागावर. रात्री हात धुतले तर हातांना परत लावायचं. सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा तसंच. जिथे पू झालाय त्या मुलांना आधी डॉक्टरांना दाखवा, त्यांना जंतूंचं औषधही लागेल. संख्या मोठी असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचा विचार करतील, पण १५ किलोखालच्या मुलांना त्या देत नाहीत.

---

सातपुडा

अंथरुणं आणि कपड्यांचं काय? गरम पाणी एवढ्या सगळ्यांना पुरणार नाही. आणि मुलं सुटीत घरी जाऊन परत येतात.

---

निरगुडी

गरम पाणी नसेल तर चादरी आणि कपडे प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर ठेवून द्या. किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाकडे बदलीचा एक जोड लागेल, तो आधी जमवा.

तारीख सुटीवरून परत आल्यानंतरची धरा, सुटीच्या आधीची नको. स्वयंपाकाच्या मावशी, पहारेकरी, अधीक्षक आणि तिथे राहणारी त्यांची कुटुंबं यांनाही त्याच रात्री औषध. मुलांच्या घरी तुमच्या भागातल्या आशाताईंमार्फत निरोप पाठवा.

आणि किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून मुलं रोज मलम लावत बसतात, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. तेवढे दिवस नुसतं खोबरेल लावा. महिन्याने नवीन पुरळ दिसलं तर मला इथेच कळवा.

---

सातपुडा

सोमवारी आरोग्य केंद्रात पत्र घेऊन जातो. यादी आजच करायला घेतली आहे, मावशींची नावं धरून.